पॅसिफिक ओलांडायचाच आहे का?

प्रश्न: नाशिकरोडचे एक वाचक दोन वर्षांपूर्वी प्रेसमधून निवृत्त झाले. पत्नी शाळेत शिक्षिका आहेत, त्या येत्या मे महिन्यात निवृत्त होतील. मुलगा मेलबर्नला. लेक न्यू जर्सीत, तिला डॉक्टरांनी बाळंतपणाची सप्टेंबरच्या मध्यावरची तारीख दिली आहे. लेकीच्या पदवीदानाला जाताना दोघांना दहा वर्षांचा अमेरिकी व्हिसा मिळाला. त्याखेरीज, ते लिहितात, "आयुष्यभर देशाचे पासपोर्ट छापले, पण आमच्या पासपोर्टवर शिक्का एकच." कॉलेज रोडवरच्या ट्रॅव्हल एजंटने त्यांना 'राउंड द वर्ल्ड' तिकीट सुचवलं आहे. वर्षभराची मुदत आणि एकाच तिकिटात मुंबई, सिंगापूर, मेलबर्न, ऑकलंड, सॅन फ्रान्सिस्को, नेवार्क, फ्रँकफर्ट आणि परत मुंबई. इकॉनॉमीत दोघांचे मिळून साडेसात लाखांच्या घरात. महिनाअखेरपर्यंत पंचवीस हजार टोकन मागितलं आहे. मेव्हणे म्हणतात पैशांचा चुराडा आहे. त्यांनी गणपतीने आईवडिलांना घातलेल्या प्रदक्षिणेची गोष्टही ऐकवली. पत्नी म्हणतात, "कुठूनही न्या, मला लेकीकडे तीन महिने हवेत." वाचकांच्या आई ८४ वर्षांच्या, सध्या सिन्नरला धाकट्या भावाकडे असतात. "आयुष्यात एकदाच जायचं आहे, तर सगळं एकदम का नको? तिकीट घ्यावं की नाही?"

नमस्कार,

गणपतीची गोष्ट मी सांगणार नाही. ज्याला स्वतःला कुठे जायचं नसतं त्याच्या तोंडी ती नेहमीच शोभून दिसते. शिवाय तुमच्या बाबतीत ती लागूही पडत नाही, कारण तुमची प्रदक्षिणा दोन्ही मुलांच्या दारावरून जाते.

आधी हे तिकीट म्हणजे काय ते नीट मांडू. तुम्हाला एजंटने सांगितलंच असेल, पण असंच पत्र लिहायच्या बेतात असलेले आणखी वाचक असतील.

पॅन ॲमने १९४७ साली पृथ्वीभोवतीची नियमित विमानसेवा सुरू केली तेव्हा ते विमान कलकत्त्याला उतरून पुढे जात असे. एकाच कंपनीच्या विमानांनी निघायचं आणि पृथ्वीला वळसा घालून यायचं, असा तो मामला होता. पॅन ॲम १९९१ मध्ये बंद पडली. आज मोठ्या विमान कंपन्यांच्या तीन आघाड्या आहेत: स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००). राउंड द वर्ल्ड तिकीट काढायचं ते अशा एका आघाडीतल्या कंपन्यांची विमानं जोडून. तुमचा मार्ग स्टारचा दिसतो, कारण सिंगापूर एअरलाइन्स, एअर न्यूझीलंड, युनायटेड, लुफ्तान्सा आणि २०१४ पासून आपली एअर इंडियाही तिथे आहे. एमिरेट्स आणि इंडिगो तिन्हींपैकी कशातच नाहीत. त्यामुळे 'दुबईवरून जाऊ, मध्ये इंडिगो घेऊ' हे या तिकिटात बसत नाही.

नियम थोडे विचित्र वाटतात. निघायचं त्याच देशात परत यायचं. अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर ओलांडायचेच, आणि प्रत्येक एकदाच. एकदा दिशा धरली, पूर्व किंवा पश्चिम, की एका खंडातून दुसऱ्या खंडात उलटं यायचं नाही. खंडाच्या आत थोडं मागेपुढे चालतं. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घातली असेल तर नियम ठाऊकच आहे: वाटेत बसा, चहा प्या, पाय चेपा, पण उलटं फिरायचं नाही.

याशिवाय मोजमाप असतं. स्टार मैल मोजते आणि २९, ३४, ३९ हजार मैल अशा पायऱ्यांनी भाव चढतो. वनवर्ल्डच्या एका प्रकारात मैलांऐवजी खंड मोजतात, तीन ते सहा, आणि एका खंडात किती उड्डाणं घ्यायची त्यालाही मर्यादा असते. एकूण उड्डाणं बहुतेक ठिकाणी सोळा. आगगाडीने किंवा गाडीने केलेला मधला तुकडाही या हिशेबातून सुटत नाही: कुठे त्याचे मैल धरतात, कुठे सोळातला एक आकडा खर्ची पडतो. 'लॉस एंजलिसपासून शिकागोपर्यंत रेल्वेने जाऊ, तेवढं तिकीट वाचेल' असं कोणाच्या मनात असेल तर एजंटला आधी हे विचारा.

तुमच्या मार्गाचे मैल मी मोजून पाहिले. पंचवीस हजारांच्या आसपास येतात, म्हणजे जवळजवळ चाळीस हजार किलोमीटर. विषुववृत्तावरून पृथ्वीचा घेरही तेवढाच आहे. याचा अर्थ, पहिल्या पायरीत तुमचे चारेक हजार मैल शिल्लक राहतात आणि त्यांचे पैसे तुम्ही देताय. नेवार्कहून साओ पाउलो आणि तिथून फ्रँकफर्ट असा वळसा घेतला तर एकतीस-बत्तीस हजार होतात आणि दुसरी पायरी लागते. एजंटने यातलं काही तुमच्यापुढे ठेवलेलं पत्रात दिसत नाही. त्याने दोन मुलांची घरं घेतली आणि मधली विमानतळं जोडली.

इथे मला तुमच्या पहिल्या गृहीताला हात घालायचा आहे. सगळं एकदम घेतलं की स्वस्त पडतं, असं आपल्याला वाटतं. बिझनेस क्लासमध्ये ते पुष्कळदा खरंही असतं, कारण त्या वर्गाची सुटी तिकिटं इतकी महाग असतात की राउंड द वर्ल्डचा आकडा त्यापुढे सोसवतो. चार-पाच खंड फिरणारा, दक्षिण अमेरिका किंवा पॅसिफिकमधली बेटं घेणारा माणूस इकॉनॉमीतही फायद्यात राहू शकतो, कारण तिथली सुटी एकतर्फी तिकिटं जबर असतात. पण तुमच्याकडे खरे मुक्काम दोनच आहेत, नेवार्क आणि मेलबर्न. दोन्हीकडे मुंबईहून जायला भरपूर कंपन्यांची चढाओढ आहे, त्यात आघाड्यांबाहेरच्या कंपन्याही आल्या. चढाओढ असते तिथे साधं जाऊन-येऊन तिकीट उतरतं.

म्हणून त्याच एजंटला तीन भाव काढायला सांगा. पहिला, हे राउंड द वर्ल्ड, करांसकट. दुसरा, दोन स्वतंत्र प्रवास: मुंबईहून युरोपात थांबून नेवार्क आणि नेवार्कहून थेट मुंबई, हे एक मल्टी-सिटी तिकीट, आणि वेगळ्या वेळी मुंबई–मेलबर्न–मुंबई, येताना सिंगापूरला चार दिवस. तिसरा, हाच वळसा पण सुट्या एकतर्फी तिकिटांनी. माझा अंदाज असा की तुमच्या बाबतीत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली येईल. पण अंदाजावर जाऊ नका, आकडे कागदावर घ्या. 'करांसकट' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. या तिकिटांच्या जाहिरातीत मूळ भाडं असतं, आणि सोळा उड्डाणांचे विमानतळ-कर आणि इंधन अधिभार मागून येऊन बसतात. ब्रिटन तर लांब पल्ल्याच्या प्रवाशाकडून निघतानाचा चांगलाच कर घेतं. तुमच्या मार्गात लंडन नाही ते बरंच आहे, मेव्हण्यांच्या ओळखीचं कोणी तिथे असलं तरी घालू नका.

आता दोन्ही बेत शेजारी ठेवून पाहा. दोन स्वतंत्र प्रवासांत तुम्हाला युरोप मिळतो, लेक मिळते, सिंगापूर मिळतं, मुलगा मिळतो. काय मिळत नाही? ऑकलंड ते सॅन फ्रान्सिस्को, म्हणजे पॅसिफिक. बाकी वळशाचं सगळं मोल त्या एका उड्डाणात आहे. साडेदहा हजार किलोमीटर पाणी, बारा-तेरा तास, आणि बहुधा रात्रीचं विमान. खिडकीची पट्टी खाली ओढून सगळे झोपलेले असतात. मी हे चेष्टेने म्हणत नाही. 'मी पृथ्वीला फेरी मारली' या वाक्याला स्वतःची किंमत आहे आणि ती द्यायला एखादा माणूस आनंदाने तयार असू शकतो. चौतीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रवासाची पुस्तकं छापणाऱ्या माणसाला ते वाक्य उच्चारायचं असेल तर मी त्याला हसणार नाही. मात्र त्या वाक्यासाठी नेमके किती लाख जास्त जाताहेत ते माहीत असलं पाहिजे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या पॅसिफिकचं भाडं. तो फरक बघून मन मागे सरत असेल तर उत्तर मिळालं. सरत नसेल तर निदान त्या महासागरात एकदा उतरा तरी. फिजीत भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. हवाईला तुमचा अमेरिकी व्हिसा चालतोच.

दुसरं गृहीत, "आयुष्यात एकदाच." हे वाचून मी थांबले. तुम्ही साठीच्या अलीकडे-पलीकडे आहात, अमेरिकेच्या व्हिशाची बरीच वर्षं बाकी आहेत, आणि सप्टेंबरात तिकडे नातवंड जन्माला येतंय. तुम्ही एकदाच जाणार आहात? वर्ष-दोन वर्षांत पहिला वाढदिवस, मग मेलबर्नला काहीतरी निघेलच. 'एकदाच' म्हटलं की माणूस यादीत सगळं कोंबतो आणि एजंटलाही ते सोयीचं पडतं. 'पहिल्यांदा' असं म्हणून बघा. यादी आपोआप छोटी होईल.

तरीही हे तिकीट वाईट आहे असं नाही, आणि तुमच्या घरच्या परिस्थितीत त्याचे दोन गुण मोठे ठरतात. पहिला म्हणजे तारखांची मोकळीक. मार्ग तोच ठेवून तारीख बदलायला बहुतेक वेळा वेगळा दंड नसतो, फक्त त्या वर्गात जागा हवी. ज्या घरात बाळंतपण आहे त्या घराला याची किंमत कळते. मार्ग बदलायचा मात्र वेगळा आकार पडतो आणि तिकीट नव्याने काढलं जातं. शिवाय विमानांची वेळापत्रकं साधारण अकरा महिने आधीच उघडतात. वर्षभराचा बेत असेल तर शेवटच्या टप्प्यांना आज खोट्याच तारखा टाकाव्या लागतात आणि पुढे त्या बदलाव्याच लागतात. तेव्हा ही मोकळीक नुसती चैन नाही, तिच्याशिवाय गाडं चालणारच नाही. दुसरा गुण, सगळं एका तिकिटावर असतं. एक विमान उशिरा आलं आणि त्याला जोडलेलं पुढचं चुकलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. सुटी तिकिटं असली तर दोन्हीकडचे काउंटरवाले एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधल्या मध्ये आपण. भावही सणासुदीप्रमाणे वरखाली होत नाही. ऑस्ट्रेलियात नाताळात जाणाऱ्याला हे कळेल, अर्थात नाताळात त्या वर्गातल्या जागा उरल्या असतील तर.

दिशेचं सांगते, कारण एजंटची पूर्वेची दिशा मला पटलेली नाही. मे-जूनमध्ये निघून पूर्वेला गेलात तर मेलबर्न आणि ऑकलंड भर हिवाळ्यात पडतात, आणि लेकीकडचे तीन महिने संपवून फ्रँकफर्टला उतराल तेव्हा डिसेंबर. एका प्रवासात दोन हिवाळे! नाशिकच्या थंडीचं आपण कौतुक करतो, पण तिचा तिकडे काही उपयोग होत नाही. तेच पश्चिमेला निघा. जुलैत युरोप, ऑगस्टच्या मध्यावर नेवार्क, डिसेंबरात पॅसिफिकपलीकडे उन्हाळा, जानेवारीत मुलाकडे, फेब्रुवारीत घरी. पश्चिमेच्या प्रवासात दिवस लांबत जातो आणि बहुतेकांच्या शरीराला ते कमी जाचतं. सॅन फ्रान्सिस्कोहून ऑकलंडला जाताना कॅलेंडरातली एक तारीख मात्र गायब होते. त्या दिवशी कोणाची एकादशी असली तर वहिनींनी ठरवावं.

आणि मुख्य म्हणजे बाळ. पूर्वेने गेलात आणि लेक तीन आठवडे आधी बाळंत झाली, तर तुम्ही मेलबर्नला असाल आणि मध्ये अख्खा पॅसिफिक. पश्चिमेने जाताना युरोपातून नेवार्क आठ-नऊ तासांवर असतं, तारीख अलीकडे ओढली की झालं. डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांचाही विचार करा, कारण ते सामानात असणारच. पूर्वेने गेलात तर ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या जगातल्या सगळ्यात काटेकोर तपासण्यांतून जातील. न्यूझीलंडमध्ये खाण्याची जिन्नस फॉर्मवर न दाखवता सापडली तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. पश्चिमेने गेलात तर ते महिनाभर युरोपातल्या हॉटेलांतून फिरतील. खरं उत्तर असं की लाडू तिकडे जाऊन करा. डिंक आणि खारीक न्यू जर्सीच्या भारतीय दुकानांत मिळतं. अमेरिकेतही नेलेलं खाणं उतरल्यावर जाहीर करायचं असतं, तेवढं लक्षात ठेवा.

तुमच्या पत्रात आईंचा उल्लेख एका ओळीत आहे, शेवटी. मी तो वर आणते. ८४ वर्षांची आई गावी असताना सात-आठ महिने सलग बाहेर राहायचं, तर मधेच परत यावं लागण्याची शक्यता धरूनच बेत आखला पाहिजे. या तिकिटाची खरी कमजोर बाजू इथे आहे. ऑकलंडहून तातडीने मुंबई गाठायची तर ते वेगळं तिकीट, पूर्ण पैशांचं. नंतर प्रवास पुढे चालू ठेवायचा तर पुन्हा ऑकलंडलाच जाऊन साखळी जिथे सोडली तिथून धरावी लागते. मधलं एक उड्डाण न कळवता सोडलं की पुढची सगळी रद्द होतात, आणि परतावा काय मिळेल तो तिकिटाच्या नियमांवर. साध्या जाऊन-येऊन तिकिटात तुम्ही नेवार्कहून परतीची तारीख अलीकडे घेता, फरक भरता आणि निघता. भावाशी मोकळेपणाने बोला: इतके महिने आई तुझ्याकडे, औषधपाणी, दवाखाना, कोण किती देणार. सिंहस्थात गाव सोडलेलं बरं असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे, पण त्याच गर्दीत सिन्नरहून नाशिकच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ती धावपळ भावाची असेल.

व्हिशाचं प्रकरण परदेशी प्रवाशांच्या लेखांत नसतंच, कारण त्यांच्यातल्या पुष्कळांना ते लागत नाहीत. आपल्याला लागतात. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिशाचा अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने करता येतो. पूर्वेने गेलात तर फ्रँकफर्ट सहा महिन्यांनंतर येतं, म्हणजे निघण्याआधी अर्ज करताच येत नाही, आणि परक्या देशात तात्पुरतं राहत असताना तो करणं कटकटीचं. पश्चिमेने गेलात तर युरोप पहिलाच, तो प्रश्नच मिटतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईची एक फेरी होईल, समृद्धीमुळे ती आता सकाळी जाऊन संध्याकाळी परत अशी होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे व्हिसे ऑनलाइन असतात, पासपोर्टवर चिकटवत नाहीत, त्यामुळे लेकीकडे बसूनही अर्ज करता येतो. सिंगापूरला येता-जाता थांबायचं असेल तर अमेरिकेचा किंवा ऑस्ट्रेलियाचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना ९६ तासांची सवलत आहे, अटी बघून घ्या. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. तुमच्याकडे आहे. ज्या वाचकांकडे नाही त्यांनी मुंबईच्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत राउंड द वर्ल्डचं नाव काढू नये.

किरकोळ, पण अडवणाऱ्या गोष्टी. प्रवासविम्याच्या बहुतेक पॉलिसी सलग १८० दिवसांच्या आसपास थांबतात, तुमचा बेत त्याहून लांब जातो. युरोपसाठी किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, पण अमेरिकेचा दवाखाना बघता त्यावर समाधान मानू नका, आणि बीपी-साखर असेल तर फॉर्मवर लिहा, लपवू नका. ऑस्ट्रेलियात स्वतःची औषधं तीन महिन्यांपुरती नेता येतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि तेव्हा तुम्ही दोन्ही बेतांत न्यू जर्सीतच असाल. न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत अधिकाऱ्यासमोर सही करून तो देता येतो. निघण्याआधी बँकेत विचारून ठेवा, कागद कसा हवा ते. आणि एजंट तिकिटाबरोबर हॉटेलंही बांधून देणार असेल तर ते 'परदेशी सहल पॅकेज' होतं आणि त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, कापला जातो. नुसतं तिकीट पॅकेजमध्ये मोडत नाही. कापलेली रक्कम विवरणपत्रात वळती करून घेता येते, पण तोवर अडकून राहते. दर बदलत असतात, सीएला विचारा.

राहता राहिल्या वहिनी. तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यात त्यांचं वाक्य एकच. "कुठूनही न्या" हे तुम्ही होकार म्हणून वाचलंत. मला त्यात फक्त "लेकीकडे तीन महिने" एवढंच ऐकू येतं. इतकी वर्षं घंटेवर जगलेली बाई मे महिन्यात मोकळी होणार, आणि जून उजाडायच्या आत तिच्या पुढ्यात सात महिन्यांचं नवं वेळापत्रक ठेवलं जाणार. त्यांना नकाशा उघडून विचारा, एजंटच्या मार्गाचा नव्हे, कोरा. युरोप हवा आहे का? हवा असेल तर कुठला, स्वित्झर्लंड की आणखी काही? मेलबर्नला किती दिवस राहवेल? सुनेच्या घरात जानेवारीचा अख्खा महिना, हा प्रश्न विमान कंपनीच्या अखत्यारीत नाही, पण तिकीट काढण्याआधीचा आहे. मुलालाही विचारा. सुट्ट्या असतात तेव्हाच ते दोघं तुमच्याबरोबर फिरू शकतील.

माझं मत विचारलंत तर मी तुमच्या जागी दोन प्रवास करीन. जुलैत स्वित्झर्लंड-जर्मनी तीन आठवडे, तिथून नेवार्क, डिसेंबरच्या सुरुवातीला घरी. आईंजवळ जवळजवळ तीन महिने. फेब्रुवारीच्या शेवटी मेलबर्न, येताना सिंगापूर. दोन्ही ऋतू चांगले, विमा मुदतीत बसतो, आणि मधे स्वतःच्या अंथरुणात झोपायला मिळतं, ज्याची किंमत पाचव्या महिन्यात कळते. वाचलेल्या पैशांत नेवार्कच्या लांब उड्डाणाला एका बाजूने तरी प्रीमियम इकॉनॉमी घ्या. पण आकड्यांतला फरक लाखभराचाच निघाला, भाऊ मनापासून हो म्हणाला आणि वहिनींनी त्या कोऱ्या नकाशावर स्वतःहून पॅसिफिकवर बोट ठेवलं, तर राउंड द वर्ल्डच घ्या, पश्चिमेच्या दिशेने, आणि फिजीला पाच दिवस थांबा.

इतर वाचकांसाठी: तिशी-चाळिशीतले, नोकरीतून सहा-आठ महिने काढलेले, चार खंड पाहायचेच असं पक्कं ठरवलेले आणि घरी मागे कोणी अवलंबून नसलेले जे असतील, त्यांनी हे तिकीट जरूर तपासावं. आघाड्यांच्या संकेतस्थळांवर नकाशावर गावं निवडून मार्ग आखता येतो, नियमात बसतो की नाही ते तिथेच कळतं. एक संध्याकाळ नुसतं तेवढं करून पाहायला पैसे पडत नाहीत. वाटेत जिथे मन रमेल तिथे थांबायचं, मार्ग ऐनवेळी बदलायचा, असा ज्यांचा स्वभाव आहे त्यांनी मात्र सुटी तिकिटंच घ्यावीत, चार पैसे जास्त गेले तरी.

टोकनचे पंचवीस हजार आत्ता देऊ नका. राउंड द वर्ल्डचा भाव ठरलेला असतो, तो महिनाअखेरीस संपणारी ऑफर सहसा नसते. एजंटकडून चार गोष्टी लेखी घ्या: तिकीट कोणती कंपनी देणार, तारीख आणि मार्ग बदलायला किती, रद्द केल्यास परत किती, आणि प्रत्येक उड्डाणावर सामान किती किलो. शिवाय रात्री दोन वाजता ऑकलंडहून फोन केला तर उचलणार कोण, त्याचं नाव. हे सगळं ज्या दिवशी देईल त्या दिवशी टोकन द्या, पावती घेऊन.